गाडी कुणाला विचारून घ्यावी?

फौजेत गाडी घ्यायची म्हटलं की सल्ल्याला तोटा नसतो. सुट्टी मंजूर व्हायच्या आधी अख्ख्या युनिटला कळलेलं असतं की अमुक एकजण दिवाळीत गाडी काढतोय. मग लंगरात, पीटीनंतर, कँटीनच्या रांगेत जो तो आपापली गाडी तुमच्या गळ्यात घालायला बघतो. "डोळे मिटून घे" हे वाक्य मी लडाखपासून सिकंदराबादपर्यंत प्रत्येक पोस्टिंगला ऐकलंय, आणि दर वेळी वेगळ्या गाडीबद्दल.

यावर आपल्याकडे तयार उत्तर आहे: ऐकावे जनाचे, करावे मनाचे. गाडीच्या बाबतीत मला ते पटत नाही. मन शोरूमच्या दिव्याखाली लगेच पाघळतं. मोठा स्क्रीन दिसला, सनरूफ उघडलं, की वरचं मॉडेल घ्यावंसं वाटतं. चार मीटरच्या आतली साधी घरगुती गाडीसुद्धा आज रस्त्यावर येईपर्यंत सहा-सात लाखांचा हिशोब होतो. जवानाच्या घरात ही रक्कम घरबांधणी आणि मुलीचं लग्न यांच्या खालोखाल येते. पेन्शनवर निघालेल्या माणसासाठी तर तो ग्रॅच्युइटीचा मोठा लचका असतो. तेव्हा मनाचं करून चालत नाही. जनांचं ऐकावंच, पण सल्ला म्हणून नाही. खबर म्हणून.

गस्तीहून परतलेल्याला आपल्याकडे काय विचारतात ते आठवा. काय पाहिलंस? कुठून पाहिलंस? किती वाजता? स्वतः पाहिलंस की कुणी सांगितलं? त्यानं "साहेब, हल्ला करू या" म्हटलं तर ते कुणी लिहून घेत नाही, कारण तो निर्णय त्याचा नसतो. गाडीच्या मालकालाही हेच लागू आहे. त्याच्याकडून त्यानं पाहिलेलं घ्यावं. "घे" की "नको घेऊ", हा भाग सोडून द्यावा.

आता "कुठून पाहिलंस" हेच बघा. लेहची उंची साधारण ३,५०० मीटर. तिथं हवा इतकी विरळ की टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची जवळजवळ एक-तृतीयांश ताकद जाते. तिथं गाडी चालवलेला माणूस सांगणारच की छोटं इंजिन म्हणजे डोकेदुखी, टर्बोच घे. त्याची खबर खरी आहे, पण ती त्या उंचीची आहे. खटाव-माण भागात, गाव ते तालुका एवढंच फिरणाऱ्या घराला त्याच टर्बोचे जादा पैसे कशाला? जोधपूरचा माणूस एसी आणि एअर फिल्टरबद्दल बोलेल, विशाखापट्टणमचा खाऱ्या हवेनं दाराच्या खालच्या कडेला धरलेल्या गंजाबद्दल. आसाममध्ये पावसाळा काढलेला माणूस गाडीखाली किती मोकळी जागा आहे ते आधी विचारेल. सगळे खरं बोलतात. फक्त प्रत्येकजण आपल्या जमिनीबद्दल बोलतो.

"कधी पाहिलंस" हा प्रश्न तर आपण विचारतच नाही. जुने सुभेदार साहेब सांगतात, "गाडी पोस्टिंगला न्यायच्या भानगडीत पडू नको, एनओसी आणि रोड टॅक्सनं जीव जाईल." त्यांच्या काळात ते शंभर टक्के खरं होतं. कायद्यानं दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली की नवी नोंदणी करावी लागते. पण सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिकेचा नंबर मिळू लागला आणि सेनादलातल्या माणसाला तो घेता येतो. कर दोन-दोन वर्षांनी भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. "डिझेलच घे, फौजी माणसाला डिझेलच परवडतं" हाही असाच जुना सल्ला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब, सलग पळावी लागते. शाळा, बाजार, पॉलिक्लिनिक अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो. शिवाय दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. पुढं त्या नियमात बदल होत राहिले, पण दिल्लीला पोस्टिंग आलेल्यांनी त्यापायी काढलेली झोप मी पाहिली आहे.

कँटीनच्या भावाचंही तेच. "कँटीनमधून घेतली म्हणून एवढे वाचले" हा आकडा कुणी २०२२ चा सांगत असेल तर तो आता उपयोगाचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा सेस गेला. बाहेरचाच भाव उतरला, त्यामुळं कँटीनचा फायदा रुपयांत कमी झाला. फायदा आहेच, पण हिशोब आजचा मांडायला हवा. मायलेजही आजचंच विचारावं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. २०१६ साली मिळालेलं मायलेज आज त्याच गाडीला मिळणार नाही.

मायलेज हा तर आपला राष्ट्रीय प्रश्न. "कितना देती है?" देशात कुठंही गाडी उभी करा, हा प्रश्न विचारायला कुणीतरी येतं. कंपनी सांगते तो आकडा चाचणी केंद्रात रोलरवर, ठरलेल्या वेगानं गाडी चालवून काढलेला असतो. तिथं खंबाटकी घाट नसतो, उसाच्या ट्रॉल्या नसतात, मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं नसतं. म्हणून मालकाचा आकडा मोलाचा. पण तो कसा काढला ते विचारा. आपल्या प्रत्येक सरकारी गाडीला कार डायरी असते: किती किलोमीटर, किती इंधन, कोणत्या कामासाठी. घरच्या गाडीची अशी वही ठेवणारा, टाकी काठोकाठ भरून पुढच्या टाकीपर्यंत हिशोब करणारा एक माणूस भेटला तर तो डॅशबोर्डवरचा आकडा सांगणाऱ्या दहा जणांना भारी आहे.

आणि खरा आकडा मिळाला तरी तो आपल्या घराला लावून बघावा लागतो. एक उदाहरण घेऊ. पेट्रोल १०५ रुपये लिटर, गाडी १८ किलोमीटर देते. म्हणजे किलोमीटरला ५ रुपये ८३ पैसे. त्याच गाडीचं सीएनजी मॉडेल, गॅस ९० रुपये किलो, किलोला २५ किलोमीटर. म्हणजे ३ रुपये ६० पैसे. किलोमीटरमागं सव्वादोन रुपयांच्या आसपास वाचले. सीएनजीसाठी सुरुवातीला ९० हजार जास्त मोजले असं धरलं तर ते वसूल व्हायला सुमारे ४०,००० किलोमीटर लागतात. पुण्यात रोज कामाला जाणारा, महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणारा सिव्हिलमधला मेहुणा हे सव्वादोन वर्षांत वसूल करतो. तो "सीएनजीच घे" म्हणतो ते अगदी बरोबर. पण आपलं कुटुंब महिन्याला ४०० किलोमीटर फिरत असेल तर त्याच पैशांना आठ वर्षांहून जास्त लागतात. वर टाकीनं डिकीतली जागा खाल्ली, ट्रान्सफरच्या वेळी काळी ट्रंक कुठं ठेवायची हा प्रश्न उभा राहिला आणि दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी आली ती वेगळीच. मेहुणा खोटं बोलला नाही. त्याचा रस्ता वेगळा होता.

माणसाचा स्वभावही जमेस धरायला हवा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. हे गाड्यांना पोरांपेक्षा जास्त लागू पडतं. सात लाख घातलेला माणूस तीन महिन्यांत "चुकलो" म्हणत नाही. नव्या गाडीच्या मालकाकडं सांगण्यासारखं काही नसतंही. तेव्हा सर्व्हिसची मजुरीसुद्धा फुकट असते. खरी खबर चार-पाच वर्षं आणि पन्नास-साठ हजार किलोमीटर झालेल्या माणसाकडं असते. क्लच कधी बदलला, सस्पेन्शन कधी वाजायला लागलं, एसी कधी दमला, पार्टसाठी किती दिवस थांबलो, हे तोच सांगू शकतो. एमटीतला उस्ताद किंवा ईएमईचा कारागीर यांचं ज्ञान आपल्यापेक्षा शंभरपट, पण वर्कशॉपमध्ये बिघडलेल्याच गाड्या येतात. एमआय रूममध्ये बसून कुणी युनिटच्या तब्येतीचा अंदाज केला तर सगळे आजारीच वाटतील. उस्तादाला "कोणती चांगली" असं विचारू नये. "हिचं काय जातं, आणि गेलं तर किती खर्च" असं विचारावं.

एका बाबतीत मात्र मालकाची खबर मुळीच धरू नये, आणि ती बाब म्हणजे अपघात. दारावर टकटक करून "बघ पत्रा किती जाड" म्हणणारे सगळीकडं आहेत. दहा वर्षं सुखरूप चालवलेल्या माणसाला आपली गाडी धडकेत कशी वागेल हे माहीत नसतं, आणि देव करो त्याला कधी कळू नये. पत्रा हा वरचा डगला. माणसं वाचतात ती आतल्या सांगाड्यामुळं, बेल्टमुळं, एअरबॅगमुळं. त्यासाठी धडक-चाचणी बघायची. भारतात बनलेल्या गाड्यांत ग्लोबल एनकॅपचे पहिले पाच तारे २०१८ साली नेक्सॉनला मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली आहे. कंपनीच्या नावावरूनही अंदाज बांधू नये. त्याच ग्लोबल एनकॅपमध्ये मारुतीच्या वॅगन आरला २०२३ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी एकच तारा मिळाला, तेव्हा दोन एअरबॅगची गाडी तपासली होती. आणि २०२४ मध्ये त्याच मारुतीच्या नव्या डिझायरला पाच. म्हणून नेमकं मॉडेल आणि नेमकं साल बघावं. हे कागदावरचं काम आहे, इथं शेजाऱ्याला विचारून उपयोग नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मालक कुणाला म्हणायचं? आरसी बुकावर नाव फौजीचं, कर्ज फौजीचं, आणि सल्ला विचारायला आपण जातो तेही दुसऱ्या फौजीकडं, जो वर्षातून दोन महिने सुट्टीत ती गाडी चालवतो. उरलेले दहा महिने ती कोण चालवतं? घरात आपली बायको, क्वार्टरमध्ये वहिनी. आपण दोन हजार किलोमीटरवर, कधी फोन लागतो कधी नाही. रात्री पोराला ताप आला, आईला पॉलिक्लिनिकला न्यायचं, पाऊस सुरू, आणि गाडी चालू झाली नाही, तर त्या क्षणी मायलेज आणि टर्बो यांचा काय उपयोग? त्या घराला हवी असते चावी फिरवताच सुरू होणारी गाडी, तालुक्याला सर्व्हिस सेंटर, अरुंद बोळात वळणारं स्टिअरिंग, क्लच दाबून पाय न दुखणं, किंवा परवडत असेल तर ऑटोमॅटिक. गुडघे दुखणाऱ्या आईला खाली वाकून बसायला किंवा वर चढायला लागू नये इतक्या उंचीची सीट हवी असते. पोराची चाइल्ड सीट पक्की बसेल असे हुक हवे असतात.

ही खबर वहिनींकडं आहे, आणि आपण त्यांना विचारत नाही. सेपरेटेड फॅमिली क्वार्टरच्या पार्किंगमध्ये जा. तिथं दोन-तीन वर्षं एकटीनं गाडी सांभाळलेली एक तरी ताई नक्की भेटेल. आपल्या बायकोला तिच्याशी बोलू द्या, आपण मध्ये तोंड घालू नका. गाडी किती वेळा बंद पडली, तेव्हा कोण आलं आणि किती वेळानं, स्टेपनी एकटीला बदलता आली का, रिव्हर्सला मागचं दिसतं का, सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बाईमाणूस बघून बिल फुगवलं का. या उत्तरांपुढं शोरूमचं माहितीपत्रक काहीच नाही. मग टेस्ट ड्राइव्ह तिनं घ्यावी, मागच्या सीटवर आईला बसवून, घराकडच्याच रस्त्यावर.

काहीजण म्हणतील, एवढी चौकशी केली तर गाडी घ्यायची हौसच मरेल. हौस असावीच. पोरांनी रंग निवडावा, पेढे वाटावेत, दारात पूजा व्हावी. पण गाडी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत आपली सुट्टी संपते, आणि चावी जिच्या हातात राहते तिचं मत खरेदीच्या आधी विचारलेलं असावं एवढंच माझं म्हणणं आहे. पुढच्या वेळी युनिटमध्ये कुणी "डोळे मिटून घे" म्हणालं, तर त्याला शांतपणे विचारा: "ठीक आहे. वहिनी काय म्हणतात?"