थंडीत गावाला कोण जातं?

शेवटचा पेपर संपला आणि कॅन्टीनमध्ये आमच्या ग्रुपचं 'विंटर ट्रिप'चं प्लॅनिंग सुरू झालं. एकाने चक्क एक्सेल शीट उघडली. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी तारकर्लीला स्कूबा, मालवणात मासे, मग सिंधुदुर्ग किल्ला, संध्याकाळी देवबाग, रविवारी वेंगुर्ला, सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि सोमवारी सकाळी दादरला परत! प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये शिकतो ना, तो क्रिटिकल पाथच होता तो. एक होडी चुकली की अख्खी ट्रिप कोसळणार. आणि फाईलला नाव काय दिलं होतं, तर 'रिलॅक्स'.

मी म्हटलं, "माझ्या गावी चला. कुडाळपासून जवळ आहे. आठ दिवस राहू."

"तिथे बघायला काय आहे?"

"काहीच नाही."

सगळे हसले. विषय संपला. म्हणून हा लेख! कॅन्टीनमध्ये बोलू देत नाहीत, मॅगझिनमध्ये तरी ऐकून घ्या.

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटवाली. शाळेत आम्ही गावाला 'नेटिव्ह प्लेस' म्हणायचो आणि त्यावर इंग्रजीत निबंध लिहायचो. माझ्या निबंधात नेहमी नारळाची झाडं आणि एक नदी असायची. मला गाव ठाऊक होतं ते दोनच वेळचं, मे महिन्यातलं आणि गणपतीतलं. लालबाग-परळच्या कुठल्याही चाळीत विचारा, हेच उत्तर मिळेल. थंडीत गावाला जाणारा चाकरमानी एक तर कुणाच्या बाराव्याला जातो, नाहीतर जमिनीच्या मोजणीला.

असं का, ते आजोबांमुळे कळलं. ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सुरुवातीला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. एकाच गावचे वीस-पंचवीस जण एका खोलीत! पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा. रजा मागायची ती मे महिन्यात नाहीतर गणपतीला. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि मुंबईत खायचं काय म्हणून पुष्कळ जण गावाला निघून गेले. आजोबाही आजीला आणि लहानग्या पपांना घेऊन गेले. १९८२-८३ ची थंडी त्यांनी गावच्या घरात काढली. भात आणि कुळथाची पिठी, दुसरं काही नाही. "नोकरीला लागल्यापासून तेवढीच एक थंडी मी माझ्या घरात होतो," असं ते सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात संपाचं दुःख असतं की थंडीचं सुख, मला अजून नीट कळलेलं नाही.

गेल्या वर्षी सेमिस्टर संपल्यावर मी हट्टाने डिसेंबरात गेले. घरात आता एकटी चुलत काकी असते. फोनवर म्हणाली, "येतंस तर आठ दिवस रव गो. एका रातीच्या पावण्याक माका सवड नाय." मला वाटलं, प्रेमाने बोलतेय. प्रेम होतंच, पण हिशोबही होता. एका रात्रीचा पाहुणा म्हणजे नुसतं काम. आठ दिवस राहणारा पाणी भरतो, लाकडं आणतो, भांडी घासतो.

पहिले दोन दिवस मी नुसती नेटवर्क शोधत फिरले, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी चुलीवरच्या पाण्याने आंघोळ करून उन्हात बसले आणि उठावंसंच वाटेना. भात कापून झालेलं, मळ्यात कुळीथ आणि चवळी, आंब्याला मोहोर येऊ लागलेला. गणपतीत गाव आमच्यासाठी नटलेलं असतं. डिसेंबरात ते आपल्या कामात असतं, आमच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही!

आणि जत्रा! कार्तिकापासून सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळात रात्रभर दशावतार चालतो. हातात संहिता नाही, संवाद जागच्या जागी रचायचे. बायकांची कामं पुरुषच करतात. पायपेटी, मृदंग आणि झांज, एवढ्यावर पहाट होते. मग रंग पुसून मंडळी दुसऱ्या गावाला, पुन्हा रात्री उभी. आम्ही दहा मिनिटांच्या प्रेझेंटेशनला पंधरा स्लाइड लागतात म्हणून भांडतो!

जत्रा तिथीवर असतात, तेव्हा ही ट्रिप एक्सेलमध्ये ठरत नाही, कालनिर्णयात ठरते. (ते १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगांवकर मालवणचेच.) गाडी म्हणाल तर दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्सप्रेस. केशवसुतांच्या कवितेवरून नाव पडलेली गाडी पकडायची तर निदान घाई तरी करू नये. तिकिटं ६० दिवस आधी उघडतात, तेवढं मात्र वेळेवर करा. अगदीच सावकाश जायचं असेल तर दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजर. अख्खा दिवस खाते, पण एकही स्टेशन सोडत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, पॅकेज आहेत की. आहेत. मागच्या जानेवारीत आम्ही एका हुरडा पार्टीला गेलो होतो. हुरडा झकास होता, कोवळी ज्वारी, लसणाची चटणी, गूळ. पण बाजूला डीजे! आणि जेवण झाल्यावर पुढच्या बॅचसाठी टेबल रिकामं करा म्हणून घाई. १९८६ मध्ये रोममध्ये मॅकडोनाल्ड्स आलं तेव्हा कार्लो पेट्रिनी आणि त्यांच्या मित्रांनी निषेध केला आणि त्यातून 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली. आपल्याकडे चुलीवरचं जेवणसुद्धा बॅचमध्ये मिळतं.

माझं भांडण पॅकेजवाल्यांशी नाही. त्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, मिळू देत. भांडण 'स्लो' या शब्दाशी आहे. मी झोपाळ्यावर सावकाश झुलत असताना काकी विहिरीवर चौथी खेप करत असेल, तर ते स्लो फक्त माझ्यापुरतं. हे मला सहाव्या दिवशी कळलं, तेही तिने कळशी हातात दिली तेव्हा. म्हणून ग्रुपमधलं कुणी आलंच तर अट एकच: तांदूळ-डाळ आपली न्यायची आणि स्पीकर घरी ठेवायचा. कळशी काकी देईल.

यंदा आजोबाही यायचं म्हणतात. पपांचा साफ विरोध. गुडघे, थंडी, संडास अंगणाच्या पलीकडे. सगळं खरं आहे. घर पुढे ठेवायचं की विकायचं, यावर भावांच्या फोनाफोनीही चालू आहेत, त्यामुळे पुढच्या डिसेंबरात कुलूप कुणाचं असेल ते सांगता येत नाही. मी दोन तिकिटं काढली, एक लोअर बर्थ. पपांना अजून सांगितलेलं नाही. पण आजोबांनी कालच माळ्यावरून कानटोपी काढून गॅलरीत उन्हात टाकली आहे.