देवगिरीचा हौद

परभणीच्या पोरांनो, यादवांची राजधानी बघायला दौलताबादला जाताय? जा. गाईडनं मला १३२७ चा तुघलक सांगितला, चांदमिनार दाखवला. १९३४ गिळून टाकलं.

त्या साली बाबासाहेब सोबत्यांसह इथं आले. परभणीसारखंच हेही निजामाचं राज्य. धुळीनं माखलेले, दरवाजापाशी हौदावर हात-तोंड धुतलं. झालं! धेडांनी हौद बाटवला म्हणून बोंब. शेवटी आत सोडलं, पण पाण्याला शिवायचं नाही या अटीवर. वर पाळतीला हत्यारी शिपाई. बॅरिस्टर माणसावर!

ओरडणारे मुसलमान होते, म्हणून काहींना हे सांगायची भलती गोडी. त्यांनी आधी १९२७ ला महाडात लाठ्या कुणी चालवल्या ते सांगावं.

पुरातत्त्व खात्यानं हौदावर पाटी लावावी, ठळक अक्षरात. तिकिटाचे पैसे आमच्याकडूनही घेता ना?