Explained : धाब्यावरचं गाणं तुमचं बिल वाढवतं का? समजून घ्या आवाजाचं गणित

नागपूर-वर्धा रस्त्यावर केळझरला सिद्धिविनायकाचं दर्शन झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, जेवायचं कुठं? भाव, चव, गर्दी सगळं पाहिलं जातं. तिथं वाजणाऱ्या गाण्यांचा विचार मात्र कुणी करत नाही. प्रत्यक्षात तुम्ही किती वेळ बसता आणि काय मागवता, यात त्या गाण्यांचाही वाटा असतो.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतील रोनाल्ड मिलिमन यांनी १९८६ मध्ये एका रेस्टॉरंटमधला प्रयोग प्रसिद्ध केला. संथ संगीत सुरू असताना ग्राहक सरासरी ५६ मिनिटं थांबले, जलद संगीतात ४५ मिनिटं. जेवणाचा खर्च फारसा बदलला नाही, पण संथ संगीतात बारचं बिल वाढलं.

फ्रान्समध्ये निकोलस गेगाँ यांच्या २००८ च्या प्रयोगात बारमधला आवाज ७२ वरून ८८ डेसिबल केला. तरुणांनी बिअर जास्त घेतली आणि ग्लासही लवकर रिकामे केले. हा फरक १६ डेसिबलचा दिसतो, पण ध्वनीची तीव्रता त्यात सुमारे ४० पट वाढते.

असं का होतं?

मोठ्या आवाजाने शरीर उत्तेजित होतं. शिवाय बोलणं अशक्य झालं की हात ग्लासाकडे वळतो. गोंगाटात गोड आणि खारट चव फिकी लागते, असंही ब्रिटनमधील २०११ च्या प्रयोगात दिसलं.

मग सगळा दोष गाण्याचा?

नाही. हे प्रयोग छोटे आहेत आणि परदेशातले आहेत. भूक, चव आणि भाव हीच मुख्य कारणं. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, अशी आख्यायिका आहे. तिथल्या बकासुराला गाडाभर अन्न फस्त करायला डीजे लागला नव्हता!

मुद्दा काय?

गाणं लावण्याला हरकत नाही, पण आवाज किती असावा हे जेवणाऱ्याला विचारलं जात नाही. लग्नात तर पंगतीशेजारीच डीजे असतो. आजीने वरण मागितलं तरी वाढप्याला ऐकू जात नाही, यजमानांचा आग्रहही विरून जातो. पोट भरतं, पण चार माणसांत बसून जेवल्याचं समाधान मिळत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार व्यावसायिक भागात दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल, तर रात्रीची ५५ आहे. पण शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत असेल, तर मीटर हवाच कशाला?

पुढच्या वेळी मेन्यू हातात घेण्याआधी एवढंच सांगा, ‘भाऊ, आवाज जरा कमी करा.’ पैसे तुम्ही देता, तेव्हा हे मागणं तुमच्या हक्काचं आहे.