बायबल बदलले, विषय संपला?

आपल्या तरुणांच्या मोबाइलवर सध्या एका ठरावीक साच्याचे व्हिडिओ फिरतात. वक्ता हातात बायबल धरतो, दोन शुभवर्तमानांतली दोन वचने समोरासमोर ठेवतो, तफावत दाखवतो आणि सभागृहात नारे घुमतात. निष्कर्ष आधीच ठरलेला असतो : बायबल बदललेले आहे, विषय संपला. चंद्रपूर-बल्लारपूरपासून अहेरी-सिरोंचापर्यंत ज्यांनी या ग्रंथाचे एक पानही उघडलेले नाही, तेसुद्धा हे वाक्य छातीठोकपणे बोलतात. माझे म्हणणे असे की, विषय इथे संपत नाही. खरे तर तो इथे सुरूच होत नाही.

ख्रिस्ती माणूस आपल्या ग्रंथाला सत्य म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचे असते, हे आधी समजून घ्या. कुरआन हा शब्दशः अल्लाहचा कलाम आहे, जिब्रीलमार्फत प्रेषितांवर (स.) उतरलेला, ही आपली श्रद्धा. बायबलबद्दल ख्रिस्ती लोकांचा असा दावाच नाही. अनेक शतकांत अनेक माणसांनी ते लिहिले आणि त्या लिहिण्यामागे ईश्वरी प्रेरणा होती, असे ते मानतात. लूक तर आरंभीच सांगतो की, आपण सर्व गोष्टींचा शोध घेऊन हे लिहीत आहोत. चार लेखकांच्या नावाने आलेल्या चार वृत्तांतांत फरक आहे, हे दाखवल्याने त्यांची श्रद्धा कोसळत नाही. त्यांच्या लेखी ईश्वराचा मूळ ‘शब्द’ म्हणजे स्वतः येशू, आणि पुस्तक त्याची साक्ष. हे आपल्याला मान्य नाही. पण जो दावा कुणी केलाच नाही, तो खोडून काढण्यात कसला पराक्रम?

म्हणजे त्यांना विचारण्यासारखे काहीच नाही, असे नव्हे. प्रश्न आहेत आणि ते अवघड आहेत. मार्कच्या शुभवर्तमानातली शेवटची १२ वचने सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानातली व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीची कथा प्राचीन प्रतींत सापडत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातले त्रैक्याचे स्पष्ट वचन १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये छापलेले होते. आजच्या बहुतेक आवृत्त्यांनी ते वगळले आहे किंवा तळटीपेत नेले आहे. १९७८ साली शिकागो येथे काही प्रोटेस्टंट विद्वानांनी बायबलच्या निर्दोषत्वाचे निवेदन काढले. त्यात हे निर्दोषत्व मूळ हस्तलिखितांपुरते आहे, असे म्हटले. पण मूळ हस्तलिखित आज एकही उपलब्ध नाही. जे पान कुणाच्या हाती नाही त्याच्या निर्दोषत्वाचा आज माझ्यासमोर असलेल्या पानाला काय आधार, हा आपला रास्त प्रश्न आहे. गावोगाव प्रवचन करताना ‘असे लिहिले आहे’ म्हणून तळटीप झाकणाऱ्या प्रचारकाला तो जरूर विचारावा. मात्र कॅथॉलिक चर्चने १९६५ साली जे मांडले ते वेगळे आहे : मानवाच्या तारणासाठी ईश्वराला जे सत्य सांगायचे होते, ते हा ग्रंथ चूक न करता सांगतो. दोन्ही मतांना एकच उत्तर देऊन चालत नाही.

आपल्या पूर्वजांनी हे काम असे उरकले नव्हते. १८५४ साली आग्र्यात पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा जाहीर वाद झाला. मौलानांच्या सोबत डॉ. वजीर खान होते. त्यांनी युरोपातल्या विद्वानांचे बायबलवरचे चिकित्साग्रंथ वाचलेले होते. काही ठिकाणी पाठभेद आहेत, हे फांडरला भर सभेत मान्य करावे लागले. पुढे १८६२ साली सर सय्यद अहमद खानांनी बायबलवर भाष्य लिहायला घेतले. त्यांचा कल वेगळा होता : बदल मुख्यतः अर्थात झाला, शब्दांत नव्हे. एका बाजूला कैरानवी, दुसऱ्या बाजूला सर सय्यद. मते भिन्न, पण दोघेही वाचून बोलले. आज आपण दोघांनाही वाचत नाही आणि वारसा मात्र सांगतो.

आता आपल्या मराठी मुलखात या. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मगुरूंशी आणि भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहारातून वाद सुरू झाला. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांना शंका होत्या. एका पुरोहितशाहीचे जू उतरवले ते दुसऱ्या पुरोहितशाहीचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असा त्यांचा बाणा होता. चर्च सांगते म्हणून नव्हे, ग्रंथात मला काय दिसते ते मी पाहीन, असा त्यांचा हट्ट. पुढे त्यांच्या श्रद्धेने ख्रिस्ती वळणच घेतले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ग्रंथाचा अधिकार मानणे म्हणजे काय, हे त्यांनी कृतीने दाखवले. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खे बायबल उतरवले. केडगावच्या मुक्तिसदनातल्या मुलींनी ते छापले. १९२२ साली मृत्यूच्या अगदी आधीपर्यंत त्यांचे हे काम चालू होते.

आपला दावा त्यांच्यापेक्षा मोठा आहे : अक्षर न् अक्षर सुरक्षित. माझी त्यावर पूर्ण श्रद्धा आहे. पण मग आपली जबाबदारीही मोठी नको का? आपली मुले नाजरा पूर्ण करतात, घरात मिठाई वाटली जाते, आणि सूरह फातिहाचा अर्थ विचारला तर दहावीचा मुलगाही मान खाली घालतो. शाह वलीउल्लाह यांनी फारसीत आणि त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी उर्दूत तर्जुमा केला, तो लोकांना अर्थ कळावा म्हणूनच. आज मराठीतही तर्जुमे मिळतात. किती घरांत ते उघडले जातात? हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळातले संकलन, किराअतींचे प्रकार हा आपला इतिहास आपण मुलांना शिकवतो का? उद्या कुणी तोच इतिहास वाकडा करून त्यांच्या तोंडावर फेकला, तर ती गोंधळतील.

आणि फेकणारे आहेत. संदर्भ तोडून आपल्या आयती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणारे लोक जे हत्यार वापरतात, तेच हत्यार आपले वक्ते बायबलवर चालवतात. आपल्यावर चालले की अन्याय आणि आपण चालवले की दावत, हे कसे? कुरआन ख्रिस्ती लोकांना अहले किताब म्हणतो, तौरात आणि इंजीलचा आदराने उल्लेख करतो, आणि त्यांच्याशी वाद घालायचा तर उत्तम रीतीने घाला, असे बजावतो. या जंगलपट्ट्यात ते थोडे आहेत, आपणही थोडेच. त्यांच्या ग्रंथाची थट्टा करून आपल्या ग्रंथाची शान वाढत नाही.

वाद जरूर घाला. पण आधी त्यांचे एक शुभवर्तमान पूर्ण वाचा आणि आपली एक सूरह अर्थासह पाठ करा. एवढे झाल्यावर जो प्रश्न उरेल, तो विचारण्याच्या लायकीचा असेल.