फेरी रद्द, सवलत चालू

गावची एसटी बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही. शाळा बंद करायची तर निदान एक सरकारी आदेश निघतो, चार माणसं निवेदन घेऊन तालुक्याला जातात, वर्तमानपत्रात दोन कॉलम येतात. फेरीचं तसं नाही. सकाळी आगारात एक गाडी बिघडलेली असते, एक चालक रजेवर असतो, आणि कंट्रोलर कागदावर रेघ ओढतो. आज रद्द. उद्याही रद्द. महिन्याभरात लोक वडापच्या खासगी जीपला सरावतात, विदर्भात असतील तर काळीपिवळीला, आणि मग अहवालात लिहायला कारण आयतंच मिळतं : प्रवाशांचा प्रतिसाद नाही.

विधिमंडळात एसटीचा विषय निघत नाही असं मात्र नाही. निघतो, आणि बहुधा बाकं वाजतात. ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला. मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात महिलांना सरसकट अर्धं तिकीट जाहीर झालं आणि आठवड्याभरात लागूही झालं. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात 66.67 टक्के सूट पूर्वीपासून आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत. या सवलतींवर माझा राग नाही. अर्ध्या तिकिटाने किती बायका घराबाहेर पडल्या, दवाखान्यापर्यंत, माहेरापर्यंत, आठवडी बाजारापर्यंत पोचल्या, हे कुठल्याही स्टँडवर तासभर उभं राहिलं तरी दिसतं. पण तिकीट फाडायला आधी गाडी यावी लागते, आणि गाडी येण्याची सक्ती कुठल्याच योजनेत नाही.

हिशेबाची गंमत बघा. अर्ध्या तिकिटाची उरलेली अर्धी रक्कम सरकार एसटी महामंडळाला देतं. ती मिळते तिकीट फाटल्यावर. उशिराने मिळते, पण मिळते. म्हणजे ज्या फेरीत चाळीस बायका बसल्या, त्या फेरीमागे सरकारला चाळीस अर्ध्या तिकिटांचं देणं लागलं. तीच फेरी रद्द झाली तर? काहीच देणं नाही. फेरी बुडाली की सरकारचे पैसे वाचतात. ज्याने योजना जाहीर केली त्याच्या खिशाला फेरी रद्द झाल्याची झळ बसणारच नसेल, तर फेरी टिकावी म्हणून तो कशाला धडपडेल? हे कुणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. पण पैशाची वाट अशी आखली की बाकीचं आपोआप घडतं.

आगारप्रमुखाला दोष द्यावा, तर त्याच्यासमोर दोनच आकडे ठेवलेले असतात : भारमान आणि प्रति किलोमीटर उत्पन्न. गाडीच्या शंभर जागांपैकी सरासरी किती भरल्या, ते भारमान. सकाळी वाड्या-वस्त्यांवरून शाळेची पोरं भरून आणणारी गाडी जाताना रिकामी असते आणि दुपारच्या फेरीला तिच्यात चार म्हातारी माणसं असतात. त्यातही निम्म्याहून अधिक पासवाले. कागदावर ही गाडी नालायक ठरते. तीच गाडी पुण्याच्या मार्गावर टाकली तर भरून जाते, भरून येते. गाड्या कमी असताना आगारप्रमुख काय करेल, हे सांगायला ज्योतिषी नको. तो हिशेबाने वागतो, आणि हिशेब त्याला आपणच आखून दिलाय.

खरं तर हा घोळ कायद्यातच आहे. महामंडळ ज्या 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालतं, त्याचं कलम 18 सांगतं की पुरेशी, कार्यक्षम आणि काटकसरीची वाहतूक सेवा पुरवणं हे महामंडळाचं कर्तव्य. चार कलमं पुढे गेलं की 22 वं कलम बजावतं : कारभार व्यापारी तत्त्वावर करा. आणि 30 व्या कलमात, सगळ्या तरतुदी करून नफा उरलाच तर तो रस्त्यांच्या विकासासाठी राज्य सरकारकडे द्यावा, अशी सोय आहे. कायदा लिहिणाऱ्यांना नफ्याची एवढी खात्री होती! 1 जून 1948 ला अहमदनगरहून पुण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा कदाचित ती खोटीही नव्हती. आज महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेलाय; जून 2025 च्या श्वेतपत्रिकेत सरकारने स्वतःच ते मान्य केलं.

या तोट्यावर आजवर सापडलेला उपाय म्हणजे भाडेवाढ. 25 जानेवारी 2025 पासून 14.95 टक्के. शिवाय प्रत्येक तिकिटामागे साडेसतरा टक्क्यांचा प्रवासी कर राज्य सरकार घेतंच. एका हाताने सवलतीची भरपाई द्यायची, तीही रखडवत, आणि दुसऱ्या हाताने कर कापून घ्यायचा. तोट्यातल्या सेवेकडून कर घेण्यात कसली राजकोषीय शिस्त आहे, ते अर्थखात्याने एकदा सभागृहात समजावून सांगावं. मी ऐकायला तयार आहे.

गाड्यांचं तर विचारूच नका. कोविडच्या आधी ताफा अठरा हजारांच्या घरात होता. पुढे तो पंधरा हजारांच्या आसपास आला. मधल्या काळात नव्या गाड्या जवळजवळ आल्याच नाहीत, जुन्या भंगारात जात राहिल्या. 5,150 विजेच्या गाड्या भाड्याने घेण्याचा करार 2023 मध्ये झाला आणि दोन वर्षांनी त्यातल्या जेमतेम काहीशे रस्त्यावर होत्या. 1,310 गाड्यांच्या भाडेकराराला मुख्यमंत्र्यांनाच स्थगिती द्यावी लागली. त्यामानाने महामंडळाने स्वतःच्या मालकीच्या साध्या गाड्या मागवल्या, तो व्यवहार सरळ होता : सप्टेंबर 2024 मध्ये अशोक लेलँडला 2,104 गाड्यांची ऑर्डर, किंमत 981 कोटी. आता नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग घ्या. 802 किलोमीटरसाठी सुरुवातीचा अंदाज सुमारे 86 हजार कोटी, म्हणजे किलोमीटरला शंभर कोटींच्या पुढे. त्या रस्त्याच्या नऊ-दहा किलोमीटरच्या पैशात या 2,104 गाड्या येतात. रस्ते नकोत असं कोण म्हणेल, पण एवढे रस्ते बांधून त्यावर गावच्या माणसाने वडापच्या मागच्या दाराला लोंबकळत जायचं, हा विकास मला कळत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : महामंडळ म्हणजे पांढरा हत्ती, पैसे ओता आणि विसरा. आक्षेप अगदीच खोटा नाही. खरेदीतला घोळ, आगारांतली ढिलाई, मोक्याच्या जागांवर डोळा ठेवून बसलेले लोक, हे सगळं आहे. म्हणूनच तोटा भरून काढण्यासाठी धनादेश देऊ नका, असंच मी म्हणेन. पैसे द्या ते धावलेल्या किलोमीटरचे. प्रत्येक तालुक्यात कुठल्या फेऱ्या सामाजिक गरजेच्या, म्हणजे शाळेच्या, दवाखान्याच्या, रात्रीच्या मुक्कामाच्या, ते ठरवा. त्या किलोमीटरचा खर्च आणि उत्पन्न यांतला फरक राज्याने अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली द्यावा, आगाऊ द्यावा. गाडी धावली नाही तर पैसे कापा. गाड्यांवर माग ठेवणारी यंत्रणा आहे, वाहकाच्या हातात तिकिटाचं मशिन आहे. कोणती गाडी कुठवर गेली हे लपत नाही. मग फेरी रद्द केल्याने महामंडळाचं नुकसान होईल आणि चालवल्याने होणार नाही. आज बरोबर उलटं आहे.

2021-22 च्या संपात एसटीचे कर्मचारी महामंडळाचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण मागत होते. त्यासाठी नेमलेल्या समितीने ते अव्यवहार्य ठरवलं, सरकारने ते मान्य केलं, आणि न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल 2022 मध्ये लोक कामावर परतले. विलीनीकरण नको तर नको. पण मग सेवेचा मोबदला तरी द्यावा लागेल. फुकटात सामाजिक बांधिलकी कुठलंही महामंडळ निभावत नाही.

मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात 288 आमदारांपुढे हा विषय येईल तो बहुधा एखाद्या नव्या सवलतीच्या रूपात. त्याआधी आपल्या आमदाराने एक साधं काम करावं. आपल्या मतदारसंघातल्या आगाराकडून मागच्या सहा महिन्यांतल्या रद्द फेऱ्यांची यादी मागवावी : गाव, वेळ, कारण. ही नोंद आगारात असतेच, आणि आमदाराने मागितली तर आगारप्रमुख नाही म्हणणार नाही. ती यादी घेऊन तारांकित प्रश्न विचारता येतो, अर्थसंकल्पावरच्या चर्चेत ती वाचून दाखवता येते, मागण्यांवर मतदान होतं तेव्हा लेखाशीर्षाचा आग्रह धरता येतो. आपल्या आमदाराने ती मागवली का, हे आपण विचारायला हरकत नाही. अधिवेशनाच्या आधी विचारलेलं बरं.