शंभरी ओलांडलेल्या मोटारी

नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या रविवारी इंग्लंडात एक आगळी यात्रा निघते. लंडनमधील हाइड पार्क या विस्तीर्ण उद्यानात पहाटेच्या धुक्यात शेकडो मोटारी येऊन उभ्या राहतात. 1905 सालच्या पूर्वी बनलेल्या मोटारींनाच या यात्रेत प्रवेश असतो. कुणाला वळवण्यासाठी चक्राऐवजी नावेच्या सुकाणूसारखा दांडा असतो, कुणाला छप्परच नसते, आणि वारा अडवणारी समोरची काच तर फारच थोड्यांना असते. काही पेट्रोलवर चालतात, काही वाफेवर, तर काही चक्क विजेवर! सूर्य उगवला, की त्या एकामागून एक निघतात आणि सुमारे 96 किलोमीटरांवरील ब्रायटन या समुद्रकाठच्या शहराची वाट धरतात.

तो पानगळीचा ऋतू असतो. लंडनची घरे मागे पडली, की ओक आणि बीच वृक्षांची तांबूस-पिवळी पाने रस्त्यावर उतरू लागतात. पुढे साउथ डाउन्स नावाच्या टेकड्यांची रांग आडवी येते. तिथला चढ या म्हाताऱ्या मोटारींना झेपेनासा होतो. मग आत बसलेली मंडळी खाली उतरतात आणि गाडी ढकलू लागतात. ही शर्यत नव्हे. ताशी सरासरी 32 किलोमीटरांहून अधिक वेगाने जाण्यास मुळी परवानगीच नसते, आणि प्रथम कोण पोहोचले हे कुणी जाहीर करीत नाही.

या यात्रेचे मूळ एका कायद्यात आहे. 1865 साली इंग्लंडात असा नियम झाला, की रस्त्यावरील यांत्रिक वाहनाने गावाबाहेर ताशी सुमारे साडेसहा किलोमीटर आणि गावात सुमारे तीन किलोमीटर याहून वेगाने जाऊ नये, आणि त्याच्या पुढे लाल निशाण घेतलेला एक मनुष्य पायी चालावा. निशाणाची सक्ती 1878 मध्ये सुटली. पुढे चालणारा मनुष्य मात्र राहिला. आज या नियमाचे हसू येते. परंतु तो झाला तेव्हा रस्त्यावर धावत होती ती वाफेची अवजड धुडे, आणि त्यांना पाहून घोडे उधळत. हलक्या मोटारी आल्यावर तो जाचक ठरला. 14 नोव्हेंबर 1896 रोजी नवा कायदा अमलात आला, पुढे चालणारा मनुष्य गेला, आणि त्याच दिवशी हॅरी लॉसन या उद्योजकाच्या पुढाकाराने तेहेतीस मोटारी लंडनहून ब्रायटनला निघाल्या. निघण्यापूर्वी एका उमरावाने लाल निशाण फाडले. भर पावसात निघालेल्या त्या मोटारींपैकी सतरा पोहोचल्या असे सांगतात. त्यांतही एक आगगाडीतून आली होती आणि तिला मागाहून चिखल फासला होता, अशी वदंता आहे!

1927 साली या प्रवासाची पुनरावृत्ती झाली आणि 1930 पासून रॉयल ऑटोमोबाईल क्लब ही संस्था तो भरवू लागली. त्याच वर्षी जुन्या मोटारींच्या जतनासाठी व्हेटरन कार क्लब स्थापन झाला. महायुद्धाची वर्षे, पेट्रोलटंचाईचे 1947 आणि महामारीचे 2020 एवढे सोडले, तर यात्रा चुकलेली नाही.

हा धनिकांचा छंद आहे, असे पुष्कळ लोक म्हणतात. तो बव्हंशी तसा आहेही. त्याहून गंभीर आक्षेप वस्तुसंग्रहालये सांभाळणाऱ्या जाणत्यांचा आहे. ते म्हणतात, की शंभर वर्षांपूर्वीचे यंत्र रस्त्यावर आणले म्हणजे ते झिजणार. झिजलेला भाग बदलावा लागणार. आणि असे एकेक भाग बदलत गेले, तर जुन्या कारागिराच्या हाताची खूण त्यात उरणार तरी किती? हा आक्षेप खरा आहे. ज्या नमुन्याची जगात एकच प्रत उरली आहे, ती संग्रहालयाच्या छताखालीच असावी.

पण ज्या मोटारींच्या बऱ्याच प्रती आहेत, त्या चालत्या ठेवणे हेच अधिक शहाणपणाचे आहे. याचे कारण आपल्याकडील जत्रेच्या रथाकडे पाहिले म्हणजे कळते. रथ वर्षभर रथघरात उभा असतो. परंतु अमुक दिवशी तो ओढायचाच आहे, म्हणून सुताराला बोलावणे जाते, आरे तपासले जातात, आसाला वंगण घातले जाते, आणि सुताराचा मुलगा शेजारी उभा राहून ते काम पाहतो. जत्रा बंद पडली, तर रथ कदाचित टिकेल. ते काम जाणणारा सुतार टिकणार नाही.

मोटारींचेही तसेच आहे. इंजिनात इंधनाचा भडका उडवणारी ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडावी, हे आजची मोटार आपले आपण ठरवते. या मोटारींपैकी अनेकींत ते चालकाला हाताने एक तरफ सरकवून ठरवावे लागते. चढ लागून इंजिनाचा वेग मंदावला, की ठिणगी उशिरा पाडावी लागते. ती वेळ चालक इंजिनाच्या आवाजावरून ओळखतो. पुढचा दांडा फिरवून इंजिन चालू करताना ठिणगी लवकर पडली, तर दांडा उलट फिरून मनगटही मोडू शकते. असा आवाज पुस्तकात छापता येत नाही. लाकडी आऱ्यांची चाके बसवणे किंवा इंजिनासाठी मऊ धातूची बेअरिंगे ओतणे, या विद्याही करूनच टिकतात. आणि वर्षातून एक दिवस मोटारीला समुद्रापर्यंत जायचे असते, म्हणूनच कुणीतरी त्या शिकते.

एका गोष्टीत मात्र या यात्रेकडून अधिक अपेक्षा करावीशी वाटते. अजूनही प्रस्थानापूर्वी हौसेने लाल निशाण फाडले जाते. परंतु मूळ निशाण फाडले गेले त्याच्या तीनच महिने आधी, 17 ऑगस्ट 1896 रोजी, लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची चव्वेचाळीस वर्षांची स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीच्या धडकेने प्राण गमावलेली ती ब्रिटनमधील पहिली पादचारी मानली जाते. निशाण फाडण्यापूर्वी तिचे नाव एकदा मोठ्याने उच्चारले, तर सोहळ्याचा आनंद उणावणार नाही.

दुपारी साडेचारच्या आत ब्रायटनला पोहोचणाऱ्यास पदक मिळते. कुणाचा पट्टा तुटतो, कुणाचे पाणी उकळून जाते, आणि ती मंडळी रस्त्याकडेला हात काळे करीत बसतात. नोव्हेंबरात तिथे दिवस लवकर मावळतो. पदकाची वेळ टळून गेल्यावरही त्यांच्यापैकी काही मोटारी दिवे लावून टेकडी उतरताना दिसतात.