लेसिबा वाचवायचं, पण कुणाच्या जिवावर?

‘लोप पावत चाललेलं वाद्य’ हे शब्द दिसले की मला पुढचं वाक्य पाठ असतं: नवी पिढी मोबाइलमध्ये गुंतलीय, आता हा वारसा कोण जपणार? लेसोथोच्या लेसिबाबद्दलही हेच बोललं जातं. मला ते साफ अमान्य आहे.

आधी वाद्य समजून घ्या. एक लांब काठी, तिच्यावर ताणलेली एकच तार आणि तारेच्या एका टोकाला पिसाचं चपटं केलेलं देठ. सोथो भाषेत लेसिबा म्हणजे पीसच. वादक हे देठ ओठांमध्ये धरतो, हातांनी तोंडाभोवती आडोसा करतो आणि श्वास आत-बाहेर करतो. दोन्ही वेळा पीस थरथरतं, त्याच्याबरोबर तार. तारेवर बोट दाबायचं नाही. तोंडाची पोकळी आणि श्वासाचा जोर बदलून वेगवेगळे स्वर काढायचे. आपल्या नाट्यशास्त्रानुसार तारेचं वाद्य ‘तत’, फुंकायचं ‘सुषिर’. हे वाद्य दोन्हींकडे एकेक पाय ठेवून उभं आहे. त्याला ‘आदिम’ म्हणणाऱ्यांनी त्यातून एक धड स्वर काढून दाखवावा.

खोईखोई लोकांकडे हेच वाद्य ‘गोरा’ या नावाने होतं. त्यांच्याकडून ते बासोथोंकडे आलं. १६५२मध्ये डच लोक केपला उतरले. पुढे खोईखोईंच्या चराऊ जमिनी गेल्या, गुरं गेली, १७१३च्या देवीच्या साथीत माणसं गेली. गोरा मागे पडला तो पोरांना कंटाळा आला म्हणून? वाजवणाऱ्यांचं जगणंच हिरावलं गेलं, तिथे वाद्य कसं टिकेल?

बासोथोंमध्ये लेसिबा वाजवतात ते गुराखी. डोंगरावर, गुरांसाठी. फोटोत हे फार सुंदर दिसतं: घोंगडी पांघरलेला मुलगा, मागे कडे, हातात वाद्य. पण तो मुलगा शाळेच्या वेळी तिथे काय करतोय, हे त्या फोटोखाली कुणी विचारत नाही. लेसोथोने २०१०च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. तरी कित्येक मुलगे आजही गुरांमागेच असतात, थंडीवाऱ्यात, घरापासून लांब. परंपरा अशीच राहू दे म्हणणाऱ्यांना तो मुलगा तिथेच राहायला हवाय, हे त्यांनी उघड बोलावं. वारसा सगळ्यांचा आणि किंमत मात्र एका पोराने मोजायची?

यावर उत्तर ठरलेलं आहे: डोंगर सुटला, गुरं सुटली, की लेसिबाचा आत्मा जाईल. काहीतरी जाईल, हे मला मान्य आहे. गुरांसाठी वाजवणं आणि वर्गात वाजवणं एक नव्हे. पण जे वाद्य टिकवायला एका मुलाला निरक्षर ठेवावं लागतं, त्याच्यासाठी मी टाळ्या वाजवणार नाही.

रस्ता आहे. ज्या म्हाताऱ्या गुराख्यांना हे वाद्य येतं, त्यांना मानाने शाळेत बोलवा आणि शिकवण्याचा पगार द्या. मुलगा अक्षरं शिकेल, लेसिबाही शिकेल, आणि पुढे वाजवायचं की नाही ते स्वतः ठरवेल. नाही वाजवलं, तर तो त्याचा हक्क.

म्हणून पुढच्या वेळी ‘शेवटचा वादक’ असा व्हिडिओ समोर आला, तर लगेच रडका इमोजी टाकू नका. तो वादक पोट कशावर भरतो आणि त्याची नातवंडं शाळेत जातात का, हे आधी विचारा.